कार्ड पोहत नाही

मालवणला सुट्टीत जाऊन आलेल्या माणसाला ‘स्कूबा’ म्हटले की एकच चित्र आठवते. बोटीतून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जायचे, तोंडात नळी धरायची, पाठीमागून एका तरुणाने आपल्याला धरून ठेवायचे आणि थोडा वेळ मासे बघून, फोटो काढून वर यायचे. या पर्यटकाकडे कसलेही प्रमाणपत्र नसते. त्याच्याकडून तशी अपेक्षाही नसते. पाण्याखाली त्याचा जीव सर्वस्वी त्या मागच्या तरुणाच्या हातात असतो, आणि हे दोघांनाही माहीत असते.

हा लेख त्या पर्यटकाविषयी नाही. तो प्रमाणपत्रधारक डायव्हरविषयी आहे. पुण्या-मुंबईतले अनेक जण आता रीतसर कोर्स करतात, ‘ओपन वॉटर’चे कार्ड मिळवतात आणि मग गोवा, नेत्राणी, लक्षद्वीप, अंदमान, मालदीव असे फिरतात. त्यांना कुणी मागून धरत नाही. स्वतःच्या हवेवर, स्वतःच्या भरवशावर ते अठरा मीटर खाली उतरतात. अशा माणसाला डायव्ह सेंटरच्या काउंटरवर सांगितले जाते, ‘कार्ड ठीक आहे, पण आधी एक चेक डाइव्ह करावी लागेल.’ म्हणजे उथळ पाण्यात गाइडसोबत एक बुडी मारायची, त्यात चार-पाच कौशल्ये करून दाखवायची आणि मग पुढे जायचे. इथेच भांडणाला तोंड फुटते.

‘मग कार्ड कशाला दिलंय? मी काय नवशिका आहे? सगळे पैसे उकळायचे धंदे!’

माझे म्हणणे सरळ आहे. चेक डाइव्ह सक्तीची असावी. ती सरसकट सर्वांना असावी. आणि ती घेण्याचा अधिकार अशाच सेंटरला असावा, जे स्वतःची झडती ग्राहकासमोर द्यायला तयार आहे. या तीनपैकी एक अट जरी गळाली तरी उरलेल्या दोन फसव्या ठरतात. म्हणून तिन्हींविषयी बोलले पाहिजे.

कार्ड नेमके काय सांगते?

मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगचे प्रशिक्षण जगभर खासगी संस्था देतात. त्यातली सर्वांत परिचित ‘पॅडी’ ही १९६६ सालची. तिच्या पहिल्या पायरीच्या कोर्समध्ये थोडा अभ्यास, जलतरण तलावातला किंवा तसल्याच बांधीव पाण्यातला सराव आणि मोकळ्या पाण्यात चार बुड्या असतात. साधारण तीन-चार दिवसांत कार्ड हातात पडते. या कार्डाला मुदत नसते. २००९ साली मिळवलेले कार्ड आजही तितकेच वैध आहे, मग मधल्या काळात त्या माणसाने एकदाही पाण्यात डोके घातलेले नसले तरी.

म्हणजे कार्ड खोटे बोलत नाही. ते एवढेच सांगते की, अमुक वर्षी, अमुक पाण्यात, अमुक प्रशिक्षकासमोर या व्यक्तीने ही कौशल्ये करून दाखवली होती. ही भूतकाळातली साक्ष आहे. सेंटरला उत्तर हवे असते ते आजचे. आज सकाळी, या ओढीच्या पाण्यात, भाड्याच्या या जॅकेटमध्ये हा माणूस काय करील? कार्डाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

गंमत अशी की, ज्या कार्डाची शान मिरवली जाते, त्या पातळीचा आंतरराष्ट्रीय मापदंडही हेच बजावतो. आयएसओ २४८०१ या मानकाच्या दुसऱ्या भागात ‘स्वायत्त डायव्हर’ची व्याख्या आहे. वीस मीटरपर्यंत, बरोबरीच्या जोडीदारासोबत, अशी त्याची मर्यादा. आणि पुढे अट अशी की, पूर्वी अनुभवलेल्या परिस्थितीपेक्षा इथली परिस्थिती बरीच वेगळी असेल, तर त्याला डायव्ह लीडरकडून योग्य ती ओळख करून दिली गेली पाहिजे. कोवळमच्या पाण्यात शिकलेल्याला नेत्राणी वेगळी आहे. थायलंडच्या नितळ पाण्यात शिकलेल्याला उधाणाच्या दिवसांतले मालवण वेगळे आहे. चेक डाइव्ह मागणारा गाइड तुमचे प्रमाणपत्र नाकारत नाही, तो ते नीट वाचतो आहे.

यावर नेहमीचा प्रश्न येतो. भाड्याने गाडी घेताना कुणी ड्रायव्हिंगची परीक्षा घेते का? घेत नाही. पण गाडीत काही बिनसले तर माणूस बाजूला थांबतो, काच खाली करून श्वास घेतो. पाण्याखाली रस्त्याची कड नसते. तुलना करायचीच तर विमानाशी करावी. परवाना खिशात असलेल्या वैमानिकालाही मागच्या ९० दिवसांत किमान तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे केलेली नसतील, तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. त्याचा परवाना कुणी काढून घेत नाही. ‘तुम्ही हल्ली हे केले आहे का?’ एवढेच विचारले जाते. आजवर कोणत्याही वैमानिकाने याला अपमान म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

विसरण्याची किंमत

डायव्हिंगमधली कौशल्ये अवघड नाहीत. मास्कमध्ये पाणी शिरले तर नाकाने हवा सोडून ते बाहेर काढणे. तोंडातला रेग्युलेटर सुटला तर हाताने शोधून परत बसवणे. जोडीदाराची हवा संपली तर आपला दुसरा रेग्युलेटर त्याला देणे. जॅकेटमध्ये हवा भरून-सोडून पाण्याच्या मध्यात स्थिर राहणे. आणि दर थोड्या वेळाने हवेचा काटा पाहणे. जमिनीवर वाचताना ही पाच वाक्ये आहेत. पाण्याखाली ती हाताच्या सवयीची कामे आहेत, आणि सवय न वापरता टिकत नाही.

हिशेब करून पाहा. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने साधारण २,४०० लिटर हवा भरलेली असते. त्यातला ५० बारचा राखीव साठा सोडला तर वापरायला १,८०० लिटर उरतात. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे वीस मीटरवर दाब तिप्पट असतो आणि तिथे प्रत्येक श्वासाला हवाही तिप्पट लागते. शांत माणूस पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला १५ लिटर घेत असेल, तर वीस मीटरवर ४५ लिटर घेतो. त्याला चाळीस मिनिटे मिळतात. घाबरलेला माणूस ४० लिटरच्या गतीने धापा टाकतो. वीस मीटरवर तेच १२० लिटर होतात. त्याला पंधरा मिनिटे मिळतात. सिलिंडर तेच, समुद्र तोच, कार्डही तेच. फरक फक्त धडधडीचा.

वजनाचेही तसेच. गोड्या पाण्यापेक्षा समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के जड असते. साहित्यासह शंभर किलोच्या घरात जाणाऱ्या माणसाला तलावातून समुद्रात येताना कमरेला अडीच किलो शिसे जास्त लागते. शिवाय हवेलाही वजन आहे. बुडी संपताना सिलिंडर दोन किलोंहून अधिक हलका झालेला असतो. सुरुवातीला ठीक वाटणारे वजन शेवटी कमी पडते, आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे असते नेमक्या त्याच वेळी माणूस फुग्यासारखा वर ओढला जातो. उलट, भीतीने जास्त वजन लावलेला माणूस सतत हातपाय मारत राहतो, प्रवाळ तुडवतो आणि हवा संपवतो. कुणाला किती वजन लागेल हे कार्डावर छापलेले नसते. ते पाण्यात उतरूनच कळते.

हे केवळ तर्क नाहीत. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे ‘डॅन’, या संस्थेच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातले डायव्हिंगमधले ९४७ मृत्यू तपासून २००८ साली निष्कर्ष मांडले. ज्या प्रकरणांत अपघाताची पहिली ठिणगी शोधता आली, त्यांपैकी ४१ टक्क्यांत ती होती हवा अपुरी पडणे. त्यापुढची, माणसाला हतबल करणारी पायरी पाहिली, तर ५५ टक्क्यांत ती होती घाईघाईने वर येणे. शार्कने खाल्ले, देवमाशाने गिळले अशा या कहाण्या नाहीत. काटा पाहिला नाही, हवा संपत आली, माणूस घाबरला आणि सुसाट वर निघाला, अशी ही साधी, घरगुती वाटावी अशी साखळी आहे. वर येताना फुप्फुसातली हवा पसरते. दहा मीटरवरून पृष्ठभागावर येईपर्यंत ती दुप्पट होते. श्वास रोखून वर आलेल्याचे फुप्फुस फाटू शकते.

या साखळीची पहिली कडी उथळ पाण्यात, दहा मिनिटांत दिसते. मास्क काढायला सांगितल्यावर डोळे विस्फारणारा माणूस तिथे दिसतो. काटा किती दाखवतो, हे विचारल्यावर आधी काटा शोधणारा माणूस तिथे दिसतो. आठ मीटरवर हे दिसले तर हसून, हात धरून वर येता येते. तेच अठरा मीटरवर दिसले तर?

‘नाही’ कुणी म्हणायचे?

चेक डाइव्हच्या विरोधातला सर्वांत मोठा युक्तिवाद स्वातंत्र्याचा आहे. माझा जीव, माझा धोका, मी सज्ञान आहे. ऐकायला हे फार रास्त वाटते. पण डायव्हिंग हा एकट्याचा खेळ नाही. खाली चार जणांमागे एक गाइड असतो. त्या चारांपैकी एक घाबरून वर सुटला, तर गाइडपुढे दोनच वाटा उरतात. त्याच्या मागे धावायचे आणि तिघांना सोडायचे, किंवा तिघांजवळ थांबायचे आणि त्याला सोडायचे. मागे धावला तर वेगाने वर येण्याचा धोका गाइडच्याही शरीराला आहे. आणि तो दिवसातून एकदा नव्हे, दोन-तीनदा, आठवड्याचे सहा दिवस पाण्यात उतरतो. त्याच्या रक्तातला नायट्रोजन तुमच्यापेक्षा जास्त साठलेला असतो. तुमच्या स्वातंत्र्याचे बिल दुसराच कुणी भरतो.

हा दुसरा कोण असतो? मालवणात तो बहुधा मच्छीमार घरातला तरुण असतो. लक्षद्वीपला एखाद्या बेटावरचा मुलगा असतो. अंदमानात कामासाठी मुख्यभूमीवरून आलेला कुणीतरी असतो. हंगाम ठरावीक महिन्यांचा, पगार बेताचा, वरखर्च बक्षिशीवर. समोर उभा असतो शहरातला साहेब, महागडे घड्याळ, बोटांत खेळवलेले कार्ड, ‘शंभर डाइव्ह झाल्यात माझ्या’ हे वाक्य. या साहेबाला तो पोरगा ‘तुम्ही आज खोल जाऊ नका’ असे कसे सांगणार? सांगितले तर साहेब मालकाकडे जातो. मालक म्हणतो, ‘अरे, गिऱ्हाइक आहे, सांभाळून ने.’ सांभाळून ने, या दोन शब्दांत सगळा धोका त्या पोराच्या गळ्यात बांधला जातो.

नियम नसतो तेव्हा ‘नाही’ म्हणण्याची जबाबदारी सर्वांत कमी पगाराच्या माणसावर येऊन पडते. म्हणून सक्ती हवी. भिंतीवर लिहिलेला नियम असला की, गाइडला साहेबाशी वाद घालावा लागत नाही. तो भिंतीकडे बोट दाखवतो. हे मला चेक डाइव्हच्या बाजूचे सर्वांत बळकट कारण वाटते. गिऱ्हाइकाची सुरक्षितता हा तिचा एक फायदा. नोकरीवर असलेल्या माणसाला नोकरी न गमावता खरे बोलता येणे, हा दुसरा. आपल्याकडे सुरक्षेची चर्चा होते तेव्हा हा दुसरा फायदा कुणाच्याच लक्षात येत नाही.

निवडून केलेली तपासणी

आता दुसऱ्या अटीकडे येऊ. काही जाणकार मधला मार्ग सुचवतात. सक्ती नको, सेंटरने तारतम्याने ठरवावे. ज्याच्याबद्दल शंका वाटेल त्याचीच चेक डाइव्ह घ्यावी.

हा मार्ग समंजस दिसतो, पण तोच सर्वांत वाईट आहे. कारण शंका कुणाबद्दल येते? पन्नाशी ओलांडलेल्या बाईबद्दल येते, पंचविशीच्या पोराबद्दल येत नाही. जाड माणसाबद्दल येते, पिळदार दंडाच्या माणसाबद्दल येत नाही. वेटसूटवर डोके झाकणारी टोपी घातलेल्या मुलीबद्दल येते. इंग्रजी अडखळत बोलणाऱ्याबद्दल येते. गोऱ्या परदेशी पाहुण्याबद्दल सहसा येत नाही. शंका ही कौशल्याचे माप नाही, ती पाहणाऱ्याच्या डोक्यातल्या चित्राचे माप आहे. आणि समुद्राला ही चित्रे माहीत नाहीत. पिळदार दंडाचा, सहा वर्षे पाण्यात न उतरलेला, चारचौघांत ‘मला भीती वाटते’ असे म्हणायला लाजणारा तरुण गाइडसाठी त्या पन्नाशीच्या बाईपेक्षा कितीतरी जड जाऊ शकतो.

चेहरा, नाव, पेहराव बघून ज्यांना वेगळे बाजूला घेतले जाते, त्यांना या गोष्टीचा डंख समजावून सांगावा लागत नाही. रांगेतल्या सगळ्यांची पिशवी उघडली तर कुणालाच काही वाटत नाही. एकाचीच उघडली तर पिशवीत काही नसले तरी मान खाली जाते. चौकशी सर्वांची झाली तर तो नियम. एकाची झाली तर तो संशय. जे डायव्हर चेक डाइव्हला अपमान म्हणतात, त्यांना अपमान होतो तो बुडीमुळे नव्हे. ‘मलाच का?’ या प्रश्नामुळे होतो. या प्रश्नाचे एकच प्रामाणिक उत्तर आहे, ‘सर्वांनाच.’

सर्वांना म्हणजे खरेच सर्वांना. पाचशे बुड्या झालेल्याला, दुसऱ्या देशातल्या प्रशिक्षकाला, मालकाच्या मेव्हण्यालाही. हे काही आकाशातले तारे तोडणे नाही. लाल समुद्रात इजिप्तच्या किनाऱ्यावरून आठवडाभराच्या सफरीला निघणाऱ्या बोटी पहिली बुडी चेक डाइव्ह म्हणूनच घेतात. तिथे जगभरातले कसलेले डायव्हर असतात आणि निमूटपणे वजन तपासून घेतात. मालदीवमध्ये कायद्यानेच मनोरंजनाच्या डायव्हिंगला तीस मीटरची मर्यादा आहे आणि बहुतेक रिसॉर्टवर पहिली बुडी घरच्या रीफवर, गाइडच्या नजरेखाली होते. ज्यांचे पोट याच पाण्यावर आहे, त्यांनी ही रीत धरली आहे. तिथे जाऊन शिस्तीने वागणारे आपले लोक नेत्राणीला आले की त्यांनाच अचानक अपमान का आठवतो?

आक्षेपांतले खरे

चेक डाइव्हच्या विरोधात जे बोलले जाते ते सगळे अहंकारातून येत नाही. काही तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या झटकून टाकणे अप्रामाणिक ठरेल.

पहिली तक्रार पैशांची. काही ठिकाणी चेक डाइव्हच्या नावाखाली वेगळे शुल्क लावले जाते, तीन दिवसांच्या सुट्टीतला अर्धा दिवस खाल्ला जातो आणि उथळ वाळूत गुडघ्यावर बसवून कंटाळा आणला जातो. ही लूटच आहे. तिच्यामुळे चांगला नियम बदनाम होतो. उपाय साधा आहे. सफरीतली पहिली बुडी हीच चेक डाइव्ह. दहा-बारा मीटरच्या आतल्या खऱ्याखुऱ्या प्रवाळावर न्यावे. पहिली दहा मिनिटे वजन, मास्क, रेग्युलेटर, हवा देणे-घेणे, स्थिर राहणे, काटा आणि खुणा. उरलेला वेळ मासे बघावेत. वेगळा एक रुपयाही नको. जिथे वेगळे पैसे मागितले जातात, तिथे तपासणी सुरक्षेसाठी आहे यावर कुणी विश्वास का ठेवावा?

दुसरी तक्रार लॉगबुकची. मागच्याच महिन्यात वीस बुड्या मारल्या आहेत, तारखांसह नोंद आहे, मग पुन्हा का? नोंद जरूर बघावी, आणि ताजी असेल तर चेक डाइव्हमधली कवायत आटोपती घ्यावी. पण ती पूर्ण टाळू नये. लॉगबुक माणूस स्वतःच्या हाताने लिहितो. ते खरे असले तरी त्यातल्या आकड्यांवरून पाण्याचा प्रकार कळत नाही. इंग्लंडमधल्या थंड, काळोख्या खाणीतल्या तळ्यात तीस बुड्या मारलेला माणूस उबदार, काचेसारख्या पाण्यातल्या दोनशेवाल्याला भारी पडू शकतो.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे. दहा मिनिटे वाळूवर मास्क काढून दाखवला म्हणून खऱ्या प्रसंगी माणूस घाबरणार नाही, याची हमी कुठे आहे? हमी नाही. ‘डॅन’च्या त्याच अभ्यासात, मृत्यूला कारण ठरलेल्या इजांपैकी सुमारे चौथा हिस्सा हृदयाशी संबंधित होता. आठ मीटरवर रेग्युलेटर बसवून हृदयाची तपासणी होत नाही. त्यासाठी प्रकृतीचा अर्ज खरा भरणे आणि डॉक्टरकडे जाणे, याला पर्याय नाही. चेक डाइव्ह ही चाळणी आहे, तावीज नव्हे. तिच्यातून मोठे खडे अडतात, बारीक निसटतात. पण बारीक निसटतात म्हणून चाळणी फेकून देऊन कुणी पीठ मळत नाही.

आता झडती सेंटरची

इथवर डायव्हरला ऐकवले. आता सेंटरवाल्यांकडे वळतो, कारण तिसरी अट त्यांची आहे.

चेक डाइव्ह हा शब्द उच्चारला की सगळे लक्ष ग्राहकाच्या चुकीकडे जाते. पण सगळे अपघात ग्राहकाच्या चुकीचे नसतात. १९९८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन जोडपे पाण्यात असताना बोट त्यांना तिथेच सोडून किनाऱ्याला परतली. माणसे मोजण्यात चूक झाली होती. दोघे राहून गेले हे उघड व्हायला दोन दिवस लागले. ते दोघे पुन्हा कुणाला दिसले नाहीत. त्यांच्याकडून हजार कौशल्ये करून घेतली असती तरी उपयोग नव्हता. नापास व्हायला हवी होती ती बोट.

आपल्याकडेही आठवण ताजी आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीत स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. तेही खोल पाण्याखाली नव्हे, किनाऱ्याकडे येताना. ज्या तारकर्लीत राज्याच्या पर्यटन महामंडळाने डायव्हिंगची प्रशिक्षण संस्था उभारली, तिथे हे घडले. तेव्हा पाण्याखालची शिस्त शिकवणाऱ्यांनी पाण्यावरची शिस्त आधी दाखवावी.

म्हणून माझी मागणी दुतर्फा आहे. जे सेंटर माझ्याकडून मास्क काढून घेते, त्याने मला बोटीवरचा ऑक्सिजनचा संच दाखवावा आणि तो वापरता येणारा माणूस कोण, हे सांगावे. सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेली चाचणीची तारीख वाचू द्यावी. हवा भरणाऱ्या यंत्राची गाळणी कधी बदलली, हे विचारल्यावर कपाळाला आठी पडू नये. एका गाइडमागे किती डायव्हर, हे भिंतीवर लिहिलेले असावे. निघताना आणि परतताना नावे घेऊन मोजणी व्हावी, नुसती डोकी मोजून नव्हे. काही बिनसले तर दाबकक्ष कुठे आहे आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे आधी सांगितले जावे. हॅवलॉकसारख्या बेटावरून पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, फेरीबोटीने जायलाच दीड-दोन तास लागतात. हे अंतर डायव्हरला माहीत असेल तर तो आपोआप जपून उतरतो.

यात आणखी दोन गोष्टी जोडतो. चेक डाइव्हमध्ये कमी पडलेल्या माणसाचे चारचौघांत हसे होऊ नये. त्याच्यापुढे आधी ठरलेल्या दरात उजळणीचा वर्ग आणि तो नको असेल तर पुढच्या बुड्यांचे पैसे परत, असे दोन पर्याय असावेत. पैसे परत मिळणार नसतील तर माणूस भीती लपवून खाली जातो, आणि मालकही त्याला पास करतो. दुसरे म्हणजे, पाण्यात उतरलेल्या गाइडचा निर्णय अंतिम असावा. काउंटरवर बसलेल्या मालकाला तो फिरवता येऊ नये. ज्या सेंटरमध्ये गाइडचे ‘नाही’ मालकाच्या एका फोनवर ‘हो’ होते, तिथली चेक डाइव्ह हे नाटक आहे, आणि त्याचे तिकीट तुम्हीच काढता.

काही सेंटरे चेक डाइव्हचा वापर स्वतःच्या बचावासाठी करतात, हेही जाणून असावे. आधी जबाबदारी झटकणाऱ्या कागदावर सही, मग चेक डाइव्ह, आणि पुढे काही झाले तर ‘आम्ही तपासले होते, त्यांनीच चूक केली.’ तपासण्याचा हक्क घेतला की निकालाची जबाबदारीही घ्यावी लागते. तुम्ही मला पास केलेत, याचा अर्थ आता माझ्या पाठीमागे तुमचीही सही आहे.

काउंटरवर काय म्हणावे?

कोर्स केलेल्या वाचकांना माझे सांगणे एवढेच आहे. पुढच्या वेळी काउंटरवरचा मुलगा चेक डाइव्हचे नाव काढील तेव्हा बुड्यांची संख्या सांगू नका. मालकाला बोलावू नका. आपल्याला जे येते ते दाखवायला दहा मिनिटे लागतात, आणि जे विसरलो ते कळायलाही तेवढीच लागतात. दोन्ही उत्तरे तुमच्याच कामाची आहेत. खरा तरबेज माणूस ही दहा मिनिटे आनंदाने देतो, कारण त्यालाही त्या गाइडला तेवढ्यात पारखून घ्यायचे असते.

आणि सेंटरवाल्यांनो, नियम लावा, बेधडक लावा. पण तो सर्वांना लावा, फुकट लावा आणि आधी स्वतःला लावा. उद्या तुमच्या काउंटरवर कुणी म्हणेल, ‘चेक डाइव्ह? करतो ना. त्याआधी तुमचा ऑक्सिजन कुठे आहे तेवढा दाखवा.’ त्या माणसाला उद्धट समजू नका. तोच तुमचा सर्वांत चांगला गिऱ्हाइक आहे.